वेग हवा, पण पोचपावतीही हवी

'वेग' हा आजच्या जीवनाचा परवलीचा शब्द होऊन बसला आहे. गाडी वेगाने धावली पाहिजे, परीक्षेचा निकाल वेगाने लागला पाहिजे आणि संगणकावरचे काम तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु वेग म्हणजे नेमके काय, तो कोठून कोठपर्यंत मोजायचा आणि तो वाढवण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार आपण क्वचितच करतो. संगणकावरची माहिती पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे या अगदी साध्या, रोजच्या कामाच्या निमित्ताने तो विचार येथे मांडत आहे.

कोणी म्हणेल, पेन ड्राइव्हचे दिवस आता राहिले आहेत कोठे? सगळे तर मोबाइलवरून आणि इंटरनेटवरून चालते. महाविद्यालयाच्या आवारात बसून पाहिले तर हे म्हणणे पटते. पण ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा सुरतेला यावे.

सुरत शहराच्या आग्नेयेला, उधन्याच्या पलीकडे, डिंडोली नावाची वस्ती आहे. ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेने जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या गावांहून पोटासाठी सुरतेत आलेली हजारो खानदेशी कुटुंबे या भागात राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कामावर हिंदी अशा चार भाषांत येथला दिवस जातो. मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असलेल्या या अंकाच्या वाचकांना त्यात नवल वाटायचे कारण नाही. मी आपल्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. आता डिंडोलीत राहतो आणि आसपासच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांतील संगणकांची देखभाल करतो. सुरतेत कारखान्याला 'खाते' म्हणतात. या खात्यांतली यंत्रे संगणकाच्या आज्ञेनुसार साडीवर भरतकाम करतात. एकेका यंत्राला वीस-वीस, कधी त्याहूनही अधिक डोकी असतात आणि सगळी एकाच वेळी तेच फूल, तीच वेल भरत जातात. ते फूल कोणते, हे यंत्राला सांगणारी फाइल बहुतेक ठिकाणी अजूनही पेन ड्राइव्हवरूनच यंत्रात जाते. आपल्याकडे शहापूर-वडगावात मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये.

आता थोडा हिशोब करू. भरतकामाची जी 'डीएसटी' नावाची फाइल सर्वत्र चालते, तिच्यात एका टाक्यासाठी केवळ ३ बाइट लागतात आणि आरंभी ५१२ बाइटांचे मथळ्याचे पान असते. म्हणजे एक लाख टाक्यांचे डिझाइन झाले तरी फाइल सुमारे ३०० किलोबाइटांची, मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राहूनही लहान. याउलट डिजिटल छपाईचे घ्या. साडेपाच मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद अशी साडी कोठेही पुनरावृत्ती न करता, इंचाला २०० ठिपके या प्रमाणात, चार रंगांत छापायची म्हटली तर साडेसदतीस कोटी ठिपके होतात आणि फाइल जवळजवळ दीड गिगाबाइटांची होते. एकाच गल्लीत एका खात्याची फाइल मुंगीएवढी, तर दुसऱ्याची हत्तीएवढी! आणि दोघांचीही तक्रार एकच, पेन ड्राइव्ह फार हळू चालतो. दोघांचे दुखणे मात्र एक नाही, आणि म्हणून औषधही एक असू शकत नाही.

यूएसबी या सोयीचा जन्म वेगासाठी झालाच नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९९६ सालच्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती निघाली. त्यापूर्वी संगणकाच्या पाठीमागे कळफलकाला एक, छपाईयंत्राला दुसरी, मोडेमला तिसरी अशी नाना तऱ्हेची तोंडे असत. हा घोळ मिटवून सर्वांना एकच सोपे तोंड द्यावे, या खटपटीत इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. भट्ट यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. गायकवाडांच्या बडोद्याशी आपले मराठी माणसाचे नाते जुने आहे आणि ते बडोदे सुरतेपासून काही तासांच्याच अंतरावर आहे. तेव्हा ही कथा आपल्यापासून फार दूरची नाही. २०१३ साली भट्ट यांना युरोपीय संशोधक पुरस्कारही मिळाला.

सोय झाली आणि मागोमाग वेगाची मागणी आली. पहिल्या आवृत्तीत सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट जात. २००० साली दुसरी आवृत्ती आली आणि हा आकडा ४८० झाला. २००८ साली तिसरी आली आणि तो ५,००० वर गेला. आपली दीड गिगाबाइटांची साडी पहिल्या रस्त्याने न्यायला सतरा मिनिटे लागावीत, दुसऱ्याने अर्धा मिनिट आणि तिसऱ्याने अवघे तीन सेकंद! जाहिरातीत हे तीन सेकंद दिसतात. प्रत्यक्षात मात्र माणूस चहा पिऊन येतो तरी काम उरकलेले नसते. असे का व्हावे?

या वाहतुकीत तीन भागीदार आहेत. पहिला रस्ता, म्हणजे यूएसबीची तार आणि तोंड. दुसरे गोदाम, म्हणजे पेन ड्राइव्हच्या आतली फ्लॅश चिप. आणि तिसरा या सगळ्यावर देखरेख करणारा मेहताजी, म्हणजे संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम.

रस्त्याविषयी आपण सर्वांत जास्त बोलतो, पण बहुधा दोष त्याचा नसतोच. स्वस्तातला पेन ड्राइव्ह पुष्कळदा सेकंदाला पाच ते वीस मेगाबाइट एवढेच लिहू शकतो. तो निळ्या तोंडात लावा की काळ्या, दहा मेगाबाइटांच्या गोदामात दीड गिगाबाइट उतरवायला अडीच मिनिटे लागणारच. शिवाय फ्लॅश चिपचा एक स्वभाव आहे. तिच्यातली नोंद पाटीवरच्या अक्षरासारखी एकेक पुसता येत नाही, पुसायचा तो मोठा भागच एकदम पुसावा लागतो. त्यामुळे एक मोठी फाइल सलग लिहिणे तिला सोपे जाते आणि दोन हजार बारीक फाइली लिहिणे अतिशय जड जाते, जरी दोहोंचे एकूण वजन सारखेच असले तरी. त्यात जुनी यंत्रे 'फॅट' या पद्धतीनेच मांडलेला पेन ड्राइव्ह वाचतात. या पद्धतीत कोणती फाइल कोठे ठेवली याची एक खतावणी असते आणि प्रत्येक फाइलमागे खतावणीत व नावांच्या यादीत नोंद करावी लागते. दोन हजार फाइली म्हणजे दोन हजार वेळा त्याच वहीची पाने उलटणे.

आता मेहताजीकडे वळू, कारण माझा मुख्य मुद्दा त्याच्याविषयीच आहे.

यूएसबीत उपकरण आपण होऊन कधी बोलत नाही. संगणकाने विचारायचे आणि त्याने उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. साध्या पेन ड्राइव्हशी व्यवहार करताना संगणक आधी ३१ बाइटांची एक आज्ञा धाडतो, मग माल धाडतो आणि मग १३ बाइटांच्या उत्तराची वाट पाहतो. ते उत्तर येईपर्यंत पुढची आज्ञा निघत नाही. म्हणजे प्रत्येक खेपेला काही वेळ नुसता थांबण्यात जातो. साहजिकच एका खेपेत माल किती न्यायचा याला महत्त्व येते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दुसऱ्या आवृत्तीच्या उपकरणांसाठी हे माप सुरुवातीला २४० सेक्टरांचे, म्हणजे १२० किलोबाइटांचे ठरवलेले आहे. त्या मापाने आपली साडी न्यायला बारा हजारांवर खेपा होतात. तिसऱ्या आवृत्तीच्या उपकरणांसाठी हेच माप २,०४८ सेक्टरांचे, म्हणजे एक मेगाबाइटाचे केलेले आहे आणि खेपा दीड हजारांच्या आत येतात. रस्ता तोच ठेवून माप वाढवले तरी वेग वाढतो, तो असा. बाहेरून जोडायच्या चांगल्या डिस्कांसाठी तर 'यूएएस' नावाची नवी रीत आहे. तिच्यात एका आज्ञेच्या उत्तरासाठी न थांबता अनेक आज्ञा रांगेत लावता येतात. विंडोजने २०१२ साली, आठव्या आवृत्तीपासून, ती अंगीकारली. लिनक्समध्येही ती आहे. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्या करणाऱ्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण मेहताजीची आणखी एक सवय आहे. पेन ड्राइव्ह हळू आणि संगणकाची स्मृती मात्र चपळ, म्हणून तो माल आधी स्मृतीच्या ओसरीवर उतरवून घेतो आणि लगेच पडद्यावर जाहीर करतो की काम झाले! खरे तर माल अजून ओसरीवरच पडलेला असतो. तो सवडीने, मागच्या दाराने, गोदामात जात राहतो. लिनक्समध्ये ओसरीवर किती माल साठू द्यायचा याचे मूळचे प्रमाण उपलब्ध स्मृतीच्या टक्केवारीने ठरते. दहा टक्के झाल्यावर मागून लिहिणे जोरात सुरू करायचे आणि वीस टक्क्यांवर माल टाकणाऱ्याला थांबवायचे, असा तो नियम आहे. स्मृती जेव्हा मेगाबाइटांत मोजली जाई, तेव्हा हे प्रमाण शोभून दिसत होते. आज सोळा गिगाबाइट स्मृतीच्या संगणकात वीस टक्के म्हणजे तीन गिगाबाइटांच्या आसपास होतात आणि सेकंदाला पाच मेगाबाइट लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला तेवढे रिचवायला दहा मिनिटे लागतात. पडद्यावरची पट्टी मात्र केव्हाच शंभर टक्के भरून मोकळी झालेली असते. २०१३ साली लिनक्सच्या कर्त्यांमध्ये यावर उघड चर्चा झाली. हळू चालणाऱ्या एका पेन ड्राइव्हपायी सगळा संगणक अडून बसतो, ही तक्रार रास्त आहे हे तेथे मान्य झाले.

विंडोजनेही या बाबतीत मत बदलले आहे. तेथे 'लवकर काढता यावे' आणि 'काम जलद व्हावे' अशा दोन रीती आहेत. पहिलीत ओसरीवर माल साठवत नाहीत, दुसरीत साठवतात. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ सालापासून, मायक्रोसॉफ्टने पहिली रीत मूळची म्हणून ठरवली. थोडा वेग सोडला, पण पेन ड्राइव्ह अचानक उपसणाऱ्या माणसाचे नुकसान टळावे हे पाहिले. एवढ्या मोठ्या कंपनीला आकड्यातला वेग सोडून भरवसा घ्यावासा वाटला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

या सगळ्याचा डिंडोलीतल्या कारागिराशी काय संबंध, असे कोणी विचारील. सांगतो. खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. पाळी बदलताना घाई असते. डिझाइन तयार करणाऱ्याच्या टेबलावरून पेन ड्राइव्ह काढायचा, धावत यंत्राकडे जायचे, फाइल चढवायची. पडद्यावरची पट्टी भरली की कारागीर पेन ड्राइव्ह उपसतो. त्याला दोष कसा द्यावा? यंत्राने सांगितले 'झाले', त्याने विश्वास ठेवला. पुढे कधी फाइलचे नाव दिसते पण आत काही नसते, कधी खतावणी एक सांगते आणि गोदामात दुसरेच असते. यंत्र मिनिटाला आठशे ते हजार टाके घालते. ते दहा मिनिटे उभे राहिले तर प्रत्येक डोक्यामागे आठ-दहा हजार टाके बुडाले. आणि जॉबचा दर ठरतो तो हजार टाक्यांच्या हिशोबाने! अर्धवट फाइलवर यंत्र चालू झालेच, तर वीस डोक्यांखालचे वीस तुकडे एकदम खराब होतात. डिझाइनची फाइल ३०० किलोबाइटांची, म्हणजे तिला वेगाची गरजच नव्हती. तिला गरज होती ती पोचपावतीची. पोचपावती खोटी निघाली आणि बोलणी बसली ती ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्दही ठाऊक नाही त्याला. अशी बोलणी खाणारे कारागीर मी एकाहून अधिक खात्यांत पाहिले आहेत. 'तूच नीट काढला नाहीस' एवढ्या एका वाक्यात सगळा न्याय उरकलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, वेग मोजायचा तो माल गोदामात पडून कुलूप लागेपर्यंत मोजावा. ओसरीपर्यंतचा वेग हा वेग नव्हे, तो केवळ दिखावा आहे. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पेन ड्राइव्हचा वेग वाढवण्याचे प्रयत्न जरूर व्हावेत, परंतु त्यांचा क्रम असा असावा: आधी खरी पोचपावती, मग कमी खेपा, आणि सर्वांत शेवटी रुंद रस्ता. आज बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण रस्त्याची जाहिरात करता येते, पोचपावतीची करता येत नाही.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो विचार करण्याजोगा आहे. ओसरी मुळीच नको, प्रत्येक बाइट थेट गोदामात टाका, असे केले तर? लिनक्समध्ये तशी सोयही आहे. पण ती वापरली तर वेग फारच खाली येतो आणि दर लहानशा नोंदीसाठी फ्लॅशचा तोच भाग पुन्हा पुन्हा लिहिला गेल्यामुळे पेन ड्राइव्हचे आयुष्यही घटते. तेव्हा ओसरी पाडून टाकणे हा उपाय नव्हे. ओसरी असावी, पण उपकरणाच्या कुवतीइतकी असावी. टक्केवारीऐवजी ठराविक आकडा ठरवून, समजा काही दहा मेगाबाइटांचा, तेवढाच माल साठू द्यावा. मग पट्टी आपोआप खऱ्या गतीने सरकते, काम फारसे मंदावत नाही आणि शेवटी उरतो तो काही सेकंदांचा थांबा. लिनक्समध्ये हा आकडा आजही बदलता येतो. एकेका उपकरणाला निराळी मर्यादा घालण्याची सोय पूर्वीपासून आहे आणि २०२३ साली आलेल्या ६.२ या कर्नेलपासून ती अधिक काटेकोरपणे पाळून घेता येते. दुर्दैव इतकेच की ही सोय आपण होऊन चालू होत नाही. ज्याला ती ठाऊक आहे तोच ती वापरतो आणि ज्याला तिची खरी गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. सामान्य माणसाच्या वाट्याला सुधारणा येते ती मूळच्या ठेवणीतून, कोपऱ्यातल्या कळीतून नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. 'सुरक्षितपणे काढा' अशी कळ दिलेली असताना लोक ती दाबत नाहीत, त्याला प्रणाली काय करणार? हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. कळ दाबायला शिकवलेच पाहिजे. पण ज्या सूचनेवर माणसाची कमाई अवलंबून आहे ती सूचना पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आणि परक्या भाषेत असावी, हे मला पटत नाही. खत्यातले यंत्र दोरा तुटला की थांबते आणि दिवा लावते. ते कारागिराला कोपऱ्यातली कळ शोधायला लावत नाही. तोच सरळपणा संगणकाने का दाखवू नये? माल शिल्लक असेपर्यंत 'थांबा, अजून लिहीत आहे' आणि संपल्यावर 'आता काढा', एवढी दोन वाक्ये मोठ्या अक्षरांत, त्याला वाचता येईल अशा भाषेत दिसली तर पुष्कळ तक्रारी मिटतील.

येथेच आपल्या महाविद्यालयाचा संबंध येतो. आपल्या प्रयोगशाळांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवला जातो. स्मृती, रांगा, वेळापत्रके यांच्या व्याख्या पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरल्याही जातात. त्याऐवजी एक सोपा प्रयोग करून पाहावा. सहाशे मेगाबाइट माल घ्यावा, एकदा दोन हजार लहान फाइलींच्या रूपात आणि एकदा त्याच फाइलींचे एकच गाठोडे बांधून. दोन्ही वेळा घड्याळ लावून दोन वेळा टिपाव्यात: पट्टी भरली ती वेळ आणि 'सिंक' ही आज्ञा पुरी होऊन माल खरोखर उतरला ती वेळ. मग ओसरीची मर्यादा कमी करून तोच प्रयोग पुन्हा करावा. एका तासिकेत हे सारे होते. खर्च एका पेन ड्राइव्हचा. आणि विद्यार्थ्याला जे कळते ते पुस्तकाच्या दहा पानांनी कळत नाही: आकडा कोणता मोजला यावर वेग ठरतो.

या प्रयोगातून व्यवहाराचे धडेही मिळतात. एका संगणकावरून दुसऱ्यावर जुनी डिझाइने न्यायची असतील तर ती आधी एका गाठोड्यात बांधावीत. भरतकामाचे यंत्र गाठोडे सोडू शकत नाही, म्हणून यंत्रासाठीच्या पेन ड्राइव्हवर त्या दिवसाच्या चार-दोन फाइलीच सुट्या ठेवाव्यात, सारा संग्रह नव्हे. उतरवलेली फाइल एकदा मूळ फाइलशी ताडून पाहावी. मी हे ज्या खात्यांत सांगितले तेथे कोणालाही नवा संगणक घ्यावा लागला नाही.

लिनक्सचा मूळ आराखडा सर्वांना खुला आहे. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली प्रणालीही लिनक्सच्याच घराण्यातली आहे. म्हणजे मूळची ठेवण कशी असावी, सूचना कोणत्या शब्दांत असावी, हे ठरवण्याचे काम केवळ परदेशातल्या कंपन्यांचे उरलेले नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी पट्टी खरे बोलेल असा एखादा छोटा कार्यक्रम लिहिला, किंवा तीच दोन वाक्ये नेटक्या मराठीत आणि नेटक्या कन्नडमध्ये घालून दिली, तर त्याचा उपयोग शहापूरच्या मागवाल्यालाही होईल आणि डिंडोलीच्या कारागिरालाही. दोन भाषांचा अंक काढणाऱ्या महाविद्यालयाने हे काम हाती घेतले तर ते शोभून दिसेल.

मोठ्या शोधांची स्वप्ने जरूर पाहावीत. पण पाळी बदलण्याच्या घाईत पेन ड्राइव्ह हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'झाले' हा शब्द ऐकवताना तो खरा असावा, एवढी खबरदारी घेणे हेही अभियंत्याचेच काम आहे. प्राध्यापकवर्ग आणि विद्यार्थी मित्र या सूचनेचा विचार करतील आणि पुढच्या अंकात कोणीतरी आपल्या प्रयोगाचे आकडे छापील, अशी आशा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.